येताना घाट लागतो का? विमानाचं अंतर अन वेळ, मामांच्या तिकिटावरून

आमचे मामा मागच्या हिवाळ्यात पहिल्यांदा विमानात बसले. गेवराईजवळ गाव, कापूस अन थोडी मोसंबी, पोरगी-जावई दुबईला, नातू झाला म्हणून मामा-मामी महिनाभर राहून आले. मी भेटायला गेलो तर खजूर राहिला बाजूला, मामांनी तिकिटाचे दोन कागदच पुढं टाकले अन म्हणले, "हे बघ. जाताना मुंबईहून १० ला निघालं, दुबईत ११:४० ला उतरलं. म्हंजी १ तास ४० मिनटं. येताना दुपारी १ ला निघालं अन मुंबईत ५:२० ला. म्हंजी ४ तास २० मिनटं. रस्ता तोच, इमान तसलंच. मग येताना मधी घाट लागतो का काय?"

मामी चुलीपासून ओरडल्या, "आठ दिस झालं, येईल त्याला हेच इचारायलेत."

मी हसलो खरा, पण नंतर वाटलं की हा प्रश्न विमानात दहा-वीसदा बसलेल्या माणसालाही धड सांगता येत नाही. म्हणून तिथंच ओसरीवर बसून जे सांगितलं तेच इथं लिहितोय, मामांनी मधी मधी जे टोकलं त्याच्यासकट.

घाटाचं आधी. तिकिटावर जी वेळ छापलेली असते ती त्या त्या गावच्या घड्याळाची असते. निघायची वेळ मुंबईच्या घड्याळानं, पोचायची दुबईच्या घड्याळानं, अन दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागं. पृथ्वी २४ तासात ३६० अंश फिरते, म्हणजे १५ अंशाला एक तास, त्यामुळं पश्चिमेला गेलं की सकाळ उशिरा होते. आपली भारताची वेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून ठरलेली आहे, दुबईनं ६० अंशाची धरलीय, फरक साडेबावीस अंशाचा, म्हणजे दीड तासाचा. आता मामांचं तिकीट परत मांडा. दुबईत ११:४० वाजले तेव्हा गेवराईत १:१० झाले होते, म्हणजे जाताना खरे लागले ३ तास १० मिनिटं. येताना दुबईत १ वाजता निघालं तेव्हा आपल्याकडं अडीच वाजले होते, मुंबईत ५:२०, म्हणजे खरे २ तास ५० मिनिटं.

मामा गप्प झाले, बोटावर परत एकदा मोजलं अन म्हणले, "म्हंजी उलटंच की रे. येतानाच लवकर आलो."

हो ना. कागदावर येताना उशीर दिसतो अन खरं तर येतानाच २० मिनिटं वाचलेली असतात. त्या २० मिनिटांकडं मी परत येतो, त्याच्या आधी अंतर म्हणजे नेमकं काय ते बघू, कारण मामांचा पुढचा प्रश्न तोच होता, की वर आभाळात किलोमीटरचे दगड थोडेच असतात, मग मोजलं कुणी?

मोजलं कुणीच नाही, हिशोबानं काढलेलं असतं. प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला बिंदू असतो, बहुतेक धावपट्टीच्या मधोमध कुठंतरी, अन त्या बिंदूचे अक्षांश-रेखांश जाहीर असतात. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणजे ह्या दोन बिंदूंमधलं जमिनीच्या पाठीवरून मोजलेलं सगळ्यात जवळचं अंतर. मधी डोंगर आहे, धरण आहे, कुणाचं शेत आहे, काही बघायचं नाही. आपल्या चिकलठाण्याचंच, म्हणजे संभाजीनगरच्या विमानतळाचं, करून बघा, आठवीच्या पोराला जमेल. चिकलठाणा साधारण १९.८६ उत्तर अन ७५.४० पूर्व, मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर अन ७२.८७ पूर्व. अक्षांशाचा फरक ०.७७ अंश, अन एक अंश अक्षांश म्हणजे १११ किलोमीटर, तर झाले ८५. रेखांशाचा फरक २.५३ अंश, पण इथं एक गंमत आहे, रेखांशाचा अंश सगळीकडं सारखा नसतो, विषुववृत्तावर १११ किलोमीटर, आपल्याकडं येईपर्यंत १०५, अन ध्रुवावर तर शून्य, कारण सगळे रेखांश तिथं मोसंबीच्या फोडींसारखे एका टोकाला येऊन मिळतात. तर २.५३ गुणिले १०५, झाले २६६. आता शाळेतला पायथागोरस काढा, ८५ चा वर्ग अधिक २६६ चा वर्ग अन त्याचं वर्गमूळ, येतं २७९. म्हणजे संभाजीनगर-मुंबई हवाई अंतर झालं २८० किलोमीटर. रेल्वेनं हेच पावणेचारशेच्या घरात जातं, कारण रूळ मनमाडला वळसा घालून जातो.

नेटवर हेच अंतर बघितलं तर कधी कधी तीन आकडे दिसतात अन माणूस गोंधळतो. २८० किलोमीटर, १७४ मैल, १५१ नॉटिकल मैल. तिन्ही एकच आहेत. पायलट लोक शेवटचा वापरतात, १.८५२ किलोमीटरचा एक. हा विचित्र आकडा आला कुठून तर एका अंशाचे ६० भाग केले की अक्षांशाचा एक भाग जेवढा भरतो तेवढाच एक नॉटिकल मैल, नकाशावर मापायला सोपं पडतं. विमानाचा वेगही त्याच्यातच, नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल.

पायथागोरस मात्र जवळच्या अंतरालाच चालतो. लांब गेलं की फसतो, कारण जमीन सपाट नाही. मी मामांना म्हणलं एक मोसंबी आणा. साल अख्खी काढली अन फरशीवर दाबून सपाट करायला गेलो तर कडेनं फाटली. जगाचा सपाट नकाशा म्हणजे हीच साल, फक्त फाटू नये म्हणून वरचा अन खालचा भाग ओढून ताणून रुंद केलेला. भिंतीवरच्या नेहमीच्या नकाशाची ही पद्धत मर्केटर नावाच्या माणसानं १५६९ मध्ये जहाजवाल्यांसाठी काढली, दिशा बरोबर दाखवते पण आकार बिघडवते. त्या नकाशात ग्रीनलँड भारताच्या कैक पट दिसतं, खरं तर ते भारतापेक्षा लहान आहे, दोन-तृतीयांशाच्या आसपास.

आता दुसरी मोसंबी घ्या, न सोललेली, तिच्यावर पेनानं दोन ठिपके द्या, देठाच्या बाजूनं वर वर पण एकमेकांपासून लांब, अन दोन्हीच्या मधी दोरा ताणून धरा. दोरा आपोआप देठाकडं सरकतो, आडवा राहतच नाही. तीच सगळ्यात जवळची वाट. मुंबई-न्यूयॉर्क असंच आहे. सपाट हिशोबानं काढलं तर १४ हजार किलोमीटरच्या वर जातं, अन गोलावरच्या गणितानं साडेबारा हजारांच्या आसपास. ती जवळची वाट मुंबईतून निघाल्यावर पश्चिमेला कमी अन उत्तरेलाच जास्त जाते, पार ६५ अंश उत्तरेपर्यंत, जवळजवळ आर्क्टिक वर्तुळाला हात लावून मग खाली न्यूयॉर्कला उतरते. नकाशावर ही रेघ धनुष्यासारखी वाकडी दिसते अन लोक म्हणतात विमान फिरवून नेलं, पण वाकडा तो नकाशा असतो. (ते दोऱ्याचं दाखवून झालं की मामांनी मोसंबी सोलून खाऊन टाकली, गणित तिथंच संपलं.)

बरं, अंतर कळलं. मग वेळ? आता इथं खरा घोळ आहे. मामा परत चिडले, "तू म्हनतो २८० किलोमीटर. इमान आठशेनं पळतंय. म्हंजी २१ मिनटं. अन आमाला संभाजीनगरहून मुंबईला तिकिटावर १ तास १० मिनटं दिलते. बाकीचे ५० मिनटं कुठं गेले?"

हे ५० मिनिटांचं प्रकरण मला सगळ्यात आवडतं.

पहिली गोष्ट, तिकिटावरची निघायची वेळ म्हणजे विमान उडायची वेळ नाही. विमान जागेवरून हलायची वेळ ती. अन पोचायची वेळ म्हणजे चाकं टेकायची नाही, तर मुंबईत ठरलेल्या जागी जाऊन उभं राहायची. मधी जमिनीवर जे रांगणं असतं ते सगळं त्यात धरलेलं असतं. चिकलठाण्याला ते फार नाही, धावपट्टी एकच, गर्दीही बेताची, पण मुंबईत उतरल्यावर पंधरा-पंधरा मिनिटं विमान नुसतं ट्रॅक्टरसारखं चालत राहतं.

दुसरी गोष्ट, ८०० चा वेग हा वर गेल्यावरचा. विमान काही चिकलठाण्यातून उडाल्या उडाल्या आठशेनं पळत नाही. १० हजार फुटांच्या खाली साधारण २५० नॉटची मर्यादा पाळतात, म्हणजे तासाला ४६० किलोमीटरच्या आसपास, अन उतरताना धावपट्टीजवळ येईस्तोवर तर अडीचशेवर आलेलं असतं. त्यात खाली उतरायलाही जागा लागते. पायलट लोकांचा तोंडी हिशोब असा की जितके हजार फूट उंची त्याच्या तिप्पट नॉटिकल मैल आधीपासून उतरायला सुरुवात करायची. २४ हजार फुटांवर असेल तर ७२ नॉटिकल मैल, म्हणजे १३३ किलोमीटर आधी. आता २८० चा मध्य १४०, सरळ रेषेत धरलं तर ते संगमनेरच्या आसपास येतं. म्हणजे विमान संगमनेरपर्यंत चढतंय अन संगमनेरपासून उतरतंय! पूर्ण वेगानं पळायला मधी सपाटी मिळतच नाही. गेवराईहून बीडला मोटारसायकलवर जाताना टॉप गिअर टाकून बिनधास्त पळवता येतं, पण गल्लीच्या ह्या टोकाहून त्या टोकाला जायचं तर टॉप टाकायच्या आधीच ब्रेक मारावा लागतो, तसं.

तिसरी गोष्ट दिशेची. विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं अन वाऱ्याच्या तोंडावरच उतरतं, म्हणजे पंखाखालून हवा जास्त जाते अन कमी पळून उचलतं. चिकलठाण्याची धावपट्टी पूर्व-पश्चिम आहे, तिच्या दोन टोकांना ०९ अन २७ असे आकडे, म्हणजे होकायंत्राचे ९० अन २७० अंश, शेवटचा शून्य काढलेला. वारं पूर्वेचं असलं की विमान पूर्वेला तोंड करून उडणार, मुंबई पश्चिमेला असली तरी. मामा हे ऐकून एकदम सरळ बसले, "आरं तरीच! आमचं इमान आधी जालन्याकडं निघालतं. मी मामीला म्हनलं चुकीच्या गाडीत बसलो आपण. ती म्हनली गप बसा, लोक बघायलेत." तर ते वळून परत यायची मिनिटंही त्या ५० मध्येच.

अन चौथी, मुंबईची गर्दी. मुंबईच्या जुन्या विमानतळाला दोन धावपट्ट्या आहेत पण त्या एकमेकींना कापतात, कात्रीसारख्या, त्यामुळं दोन्हीवर एकदम काम करता येत नाही, एका वेळी एकच असं धरा. सकाळ-संध्याकाळी रांग लागली की खालून सांगतात थांबा. रिक्षा थांबते तसं विमानाला थांबता येत नाही, मग ते आभाळात लांबट गोल घेत बसतं, एक फेरा चार-पाच मिनिटांचा. खिडकीतून तोच डोंगर तीनदा दिसला की समजायचं आपण रांगेत आहोत. कंपन्यांना हे माहीत असतं म्हणून त्या वेळापत्रकात आधीच थोडी मिनिटं जास्त टाकून ठेवतात. १५ मिनिटांच्या आत पोचलं तर ते वेळेवरच धरतात, त्यामुळं कधी कधी उशिरा निघून पण लवकर पोचल्याची घोषणा होते अन लोक खूश होतात. मला ही जरा चलाखीच वाटते, पण एसटीच्या वेळापत्रकातही थोडी हवा असतेच, नाही असं नाही.

आता ती २० मिनिटं. दुबईच्या विमानात सीटपुढच्या पडद्यावर नकाशा अन आकडे येत होते, अन मामांनी सिनेमा न बघता तेच बघितलं (मामी दोन सिनेमे बघून आल्या). त्यांनी डायरीत लिहिलेलं, जाताना वेग ७७०, येताना ८९०. मला म्हणले जातानाचा ड्रायव्हर हळू चालवायचा. तसं नाही. दोन्ही विमानांचा हवेतला वेग सारखाच धरा, ८३०. पण हवाच चालती असते. हिवाळ्यात उत्तर भारत, पाकिस्तान, इराणच्या पट्ट्यावर दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं वाऱ्याची नदी वाहत असते, तिच्या मधल्या धारेत दीड-दोनशे किलोमीटरचा वेग काही नवलाचा नाही. दुबई-मुंबई वाट त्या धारेच्या कडेला येते, तिथं ६० धरू. जाताना समोरून, ८३० मधून ६० गेले, राहिले ७७०. येताना पाठीमागून, झाले ८९०. मुंबई-दुबई अंतर १९३० किलोमीटरच्या आसपास. भागा, जाताना अडीच तास, येताना २ तास १० मिनिटं. वर रांगणं, चढणं, उतरणं ह्याची ४० मिनिटं टाका, आलं बघा मामांचं तिकीट, ३:१० अन २:५०.

म्हणजे घाट होता, पण जाताना होता.

मामा म्हणले मग जाता येता फिटंफाट. तेही नाही, अन ह्यात भलेभले चुकतात. १००० किलोमीटर अंतर धरा, विमानाचा वेग ८००, वारं २००. वारं नसताना जाऊन येऊन अडीच तास. वारं असताना जाताना ६०० नं, १ तास ४० मिनिटं, येताना १००० नं, १ तास. बेरीज २ तास ४० मिनिटं. दहा मिनिटं वाऱ्यानं खाल्लीच, कारण उलट्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो अन सुलट्यात कमी. गोदावरीला पाणी असताना ज्यानं पोहून बघितलंय त्याला हे सांगायची गरज नाही.

पावसाळ्यात दक्षिण भारतावर खूप वर उलटं वारं सुरू होतं, पूर्वेकडून पश्चिमेला, अन उत्तरेची ती नदी हिमालयापलीकडं सरकते. म्हणून एकाच मार्गाच्या वेळा हिवाळी अन उन्हाळी वेळापत्रकात पाच-दहा मिनिटांनी इकडं तिकडं दिसतात.

ह्यावर मामांनी हमखास येणारा प्रश्न विचारला, पृथ्वी एवढी गरागरा फिरते तर विमान नुसतं वर जाऊन थांबलं तर दुबई आपोआप खाली का येत नाही? आपल्या मराठवाड्याच्या अक्षांशावर जमीन तासाला दीड हजार किलोमीटरच्या वर वेगानं पूर्वेला पळतीय हे खरं आहे. पण तिच्याबरोबर हवाही पळतीय, अन उडायच्या आधी विमानही पळतच होतं. चालत्या लालपरीत शेंगदाणा वर उडवला तर तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या सीटवरच्या माणसाच्या डोक्यात नाही. तेवढंच. (रस्ता आपल्या तालुक्यातला असेल तर कुठंही पडू शकतो, ती गोष्ट वेगळी.)

अन कधी कधी जवळची वाट असूनही बंद असते. आभाळालाही बांध असतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना हद्द बंद केली तेव्हा दिल्लीहून युरोप-अमेरिकेला जाणाऱ्या भारतीय विमानांना खाली अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. २०१९ मध्ये पण काही महिने असंच झालं होतं. २०२२ पासून युरोपातल्या विमान कंपन्यांना रशियावरून जाता येत नाही, तर हेलसिंकी-टोकियो पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास होतं ते तेराच्या घरात गेलं. नेटवर बघाल तर अंतर तेच दाखवणार, कारण दोन बिंदू काही हललेले नाहीत. शेजाऱ्यानं धुरा अडवल्यावर शेताला किती लांबून जावं लागतं हे गावाकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

घरबसल्या अंदाज काढायचा असेल तर एक ढोबळ हिशोब आहे: किलोमीटरला ८०० नं भागायचं अन वर अर्धा तास टाकायचा. चिकलठाणा-दिल्ली ९८० किलोमीटर, सव्वा तास अधिक अर्धा, पावणेदोन, तिकिटावर दोन तासांच्या आत-बाहेर दिसतं. दुबईला जवळजवळ तीन तास, म्हणजे मामांच्या दोन्ही वेळांच्या मधोमध. मुंबईला मात्र ५० मिनिटंच येतात, अन ती वरची २० मिनिटं मुंबईच्या गर्दीची. अन विमान पंख्याचं असेल, ते एटीआर वगैरे, तर ८०० च्या जागी ५०० धरा.

मामांनी हे सगळं डायरीत उतरवून घेतलं, मग पेन मिटवलं अन विचारलं, "समदं बरोबर हाय. पण आमी इथून चिकलठाण्याला गेलो गाडीनं, दोन तास. तिथं दोन तास आधी बोलावलं, ते दोन. इमानात एक-दहा. मुंबईत बॅगांच्या पट्ट्यापाशी पाऊण तास हुबं. हे तू कशात धरलंस?"

मी म्हणलं हे कुणीच धरत नाही मामा. बेरीज केली तर सहा तासांना पाच मिनिटं कमी, त्यातली हवेतली पाऊण तास पण नाहीत. तेवढ्यात समृद्धीवरून गाडी मुंबईच्या तोंडाशी पोचते.

पुढच्या वेळचं त्यांनी ठरवून टाकलंय, मुंबईपर्यंत देवगिरी एक्सप्रेसनं झोपून जायचं अन विमान फक्त पुढं दुबईला. मामी तयार नाहीत. त्यांना चिकलठाण्याहूनच बसायचंय, खिडकीपाशी, अन ह्या वेळी संगमनेर दिसतं का ते बघायचंय.